वर्षाचा स्वयंपाक कोठीत ठरतो

एक जानेवारीला स्वयंपाकघराबद्दल जे संकल्प होतात ते बहुतेक तीनच. बाहेरचं खाणं कमी करायचं, आठवड्याला एक नवा पदार्थ शिकायचा आणि तेल-साखर-मैद्याला आवर घालायचा. तिन्ही हेतू चांगले, आणि तिन्ही बहुधा संक्रांत ओलांडत नाहीत. मग खापर फुटतं ते स्वयंपाक करणाऱ्या माणसावर, म्हणजे बहुतेक घरांत बाईवर. तिला कंटाळा आला, तिचा नेम टिकला नाही. हा निवाडा घाईचा आहे. दिवसभर राबून आल्यावर संध्याकाळी सात वाजता घरात काय शिजेल, हे सात वाजता ठरतच नाही. ते डब्यांत काय आहे त्यावर ठरतं. डब्यांत काय आहे हे गेल्या आठवडी बाजारातून काय आलं त्यावर, आणि त्याच्याही मागे सुगीला घरात काय भरलं त्यावर. गोष्ट आधीच होऊन गेलेली असते आणि संकल्प मात्र तव्यापाशी उभं राहून केला जातो. स्वयंपाकाचं उद्दिष्ट ठरवायचंच असेल तर ते कोठीपाशी ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी बीड जिल्हा समोर ठेवला आहे, कारण वर्षाची बेगमी करण्याची रीत इथे अगदी अलीकडेपर्यंत घरोघर होती, ती कशाने मोडली हे इथे लख्ख दिसतं, आणि ती जशीच्या तशी परत आणता येणार नाही हेही इथेच कळतं.

बीडच्या घरात वर्ष एकदाच सुरू होत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, मधून बालाघाटचे डोंगर, दक्षिणेकडे मांजरा. गेवराई-माजलगावची काळी, ओल धरणारी जमीन आणि आष्टी-पाटोदा-शिरूर कासारकडची हलकी, मुरमाड रानं अशा दोन तऱ्हेच्या शेती इथे शेजारी नांदतात. पाऊस दोन्हीकडे बेभरवशाचा. अशा मुलखात खाण्याचा हिशेब पिकांच्या पाळीने चालतो. बाजरी आणि तीळ दसऱ्याच्या सुमाराला घरात येतात, हुलगे म्हणजे कुळीथ त्यांच्या मागोमाग. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. हस्ताच्या ओलीवर पेरलेली शाळू जानेवारीत हुरड्याला येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला. तिच्या मागेपुढे हरभरा, गहू, करडई, जवस. म्हणजे इंग्रजी नवं वर्ष उजाडतं ते नव्या तुरीच्या तोंडावर, चैत्र पाडव्याचं नव्या ज्वारीच्या तोंडावर, आणि दिवाळी पाडव्याला वह्या बदलतात तेव्हा बाजरी नुकतीच आलेली असते. तीन वर्षारंभ, तीन खरेद्या, आणि दर वेळी जे धान्य ताजं आणि स्वस्त असेल तेच पुढच्या वर्षासाठी भरायचं. पेवं बुजली, कणग्या गेल्या, मातीच्या उतरंडी फुटल्या. पण या क्रमात खोट काढावी असं काही नव्हतं.

मोडलं ते शेतात. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारी मागे हटत गेली आणि तिच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं. यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. शाळूची काढणी-मोडणी अंगमेहनतीची, पाखरांचा त्रास मोठा, मजूर मिळत नाहीत आणि सोयाबीनला हातात लवकर पैसा येतो. परिणाम मात्र असा झाला की शेत असलेल्या घरातही पीठ विकतचं झालं. सोयाबीन घरात भाकरीला येत नाही, ते तेलासाठी आणि पेंडीसाठी कारखान्यात जातं. कोठीची जागा रेशनच्या गव्हा-तांदळाने आणि किराणा दुकानाच्या उधारीने घेतली. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के निघाला, आणि पेयं, फराळाच्या वस्तू, तयार खाद्यपदार्थ यांचा साडेनऊ टक्क्यांच्या वर. १९९९-२००० मध्ये तृणधान्यांचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास होता. फुकट मिळणाऱ्या रेशनची किंमत या नव्या आकड्यात धरलेली नाही, म्हणून धान्य आहे त्याहून लहान दिसतं, आणि तयार खाण्याच्या रकान्यात चहाही आला, हे मान्य केलं तरी चित्र बदलत नाही. पाच-दहा रुपयांचं पाकीट दुकानात रोज लटकलेलं असतं, त्याला आगाऊ विचार लागत नाही, रक्कम जमवावी लागत नाही, पोतं ठेवायला जागा लागत नाही. कोठी रिकामी झाली की ती जागा पाकीट भरून काढतं. ‘पाकीट बंद’ असा नेम केला तरी कोठी रिकामीच राहते, आणि दोन आठवड्यांनी पाकीट परत येतं.

आता मोजायचं काय, हा प्रश्न. किती पदार्थ शिकले किंवा किती दिवस बाहेर खाल्लं नाही हे मोजून ताटाबद्दल फारसं काही कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१६ मध्ये स्त्रियांच्या आहारासाठी एक साधं माप पुढे आणलं. त्यात अन्नाचे दहा गट आहेत. तृणधान्यं आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं, तेलबिया आणि कवचाची फळं, दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असलेली फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. दिवसभरात यातले किमान पाच गट पोटात गेले तर सूक्ष्म पोषकद्रव्यं पुरेशी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. चिमूटभर धरत नाहीत, निदान पंधरा ग्रॅम हवं. या मापाने बीडमधलं, किंवा पुण्या-मुंबईतलंही, एखादं साधं ताट तपासून पाहावं. पोळी, भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. ताट भरलेलं दिसतं, पण बटाटा कंदमुळात म्हणजे पोळी-भाताच्याच गटात जातो. चहातल्या दोन चमचे दुधाला गुण मिळत नाहीत. हिशेब दोनावर थांबतो. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) ४८ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ५४.२ टक्क्यांवर गेलं. त्याला कारणं अनेक आहेत, पण दोन गटांचं ताट हे त्यांतलं एक आहे.

त्याच मापाने भोगीचं ताट पाहू. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची डाळ घातलेली खिचडी, गाजर-वांगी-पावटा-सोलाण्याची, शेंगदाण्या-तिळाच्या कुटाची लेकुरवाळी भाजी, वर लोणी आणि वाटीभर दही किंवा ताक. तृणधान्य, डाळ, तेलबिया, गाजराचा गट, इतर भाज्या, दूध असे सहा गट सहज भरतात. भाजीत टाकलेली दोन बोरं पंधरा ग्रॅमला पोचली तर सात. लातूर-धाराशिवला लागून असलेल्या अंबाजोगाई-परळीच्या बाजूला त्याआधी येळवस येते, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. ती डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडते, म्हणजे इंग्रजी नव्या वर्षाच्या ऐन आसपास. त्या दिवशी रानात कडब्याची कोप करून जे खाल्लं जातं, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर, त्याचीही मोजणी अशीच निघते. एकट्या भज्जीत हिरवी कडधान्यं, पालेभाज्या आणि बेसन एकत्र येतात. हे सण कोणी पोषणशास्त्र वाचून बसवले, असा दावा करण्याची गरज नाही. रानात त्या आठवड्यात जे उभं असतं ते एका भांड्यात आलं, इतकंच. पण वर्षाच्या त्या दोन दिवसांचं ताट आपल्याला ‘चांगलं ताट’ म्हणजे काय याचं घरचं माप देतं, आणि ते कुठल्याही चमचमीत पाककृतीपेक्षा उपयोगी आहे.

पुढचं गणित माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. पाच गटांपैकी तीन गट असे आहेत की जे कोठीत वर्षभर न कुजता राहतात: ज्वारी-बाजरी, तूर-हुलगा-हरभरा-मूग, आणि तीळ-शेंगदाणा-कारळं-जवस. हे घरात भरलेले असले तर रोजच्या विचारात फक्त दोनच गटांची भर घालायची उरते. जानेवारीत हे दोन गट बीडच्या कुठल्याही आठवडी बाजारात स्वस्त असतात. मेथी, चाकवत, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, गाजर, वांगी, बोरं, पेरू. त्यामुळे जानेवारीत कोणताही संकल्प यशस्वी होतो आणि माणूस फसतो. खरी परीक्षा एप्रिल ते जूनची. विहिरी तळाला जातात, पालेभाजी मिळत नाही, मिळाली तर जुडीचा भाव परवडत नाही. म्हणून उद्दिष्ट जानेवारीच्या बाजारावर नजर ठेवून लिहू नये, मे महिन्यावर ठेवून लिहावं. बीडच्या मे महिन्यात काय असतं? शेवगा असतो, हे झाड कमी पाण्यावर तग धरतं आणि शेंगा संपल्या तरी त्याचा पाला गडद हिरव्या भाजीच्या गटात बसतो, जो आपण बहुतेक शेळ्यांना घालतो. पिकलेला आंबा असतो, तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातला. ताक असतं, अंडी बारमाही असतात. आणि आधी विचार केला असेल तर हिवाळ्यात वाळवलेली मेथी, गवारीच्या वाळल्या शेंगा आणि सांडगे असतात. वाळवताना ‘क’ जीवनसत्त्व बरंच जातं, पण नुसत्या आमटीपुढे मूठभर वाळली मेथी केव्हाही बरी.

किती भरायचं याचाही अंदाज बांधता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. बैठं काम करणाऱ्या माणसासाठी २००० उष्मांकांच्या दिवसात तृणधान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम (मांस-अंडी खाणाऱ्यांना त्यांतला काही भाग त्यातून), तेल-तूप २७ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम, असा तो हिशेब आहे. वर्षाला माणशी धान्य सुमारे ९१ किलो, डाळ ३१ किलो, तेल १० किलो. पाच माणसांच्या घराला साडेचार क्विंटल धान्य, दीड क्विंटल डाळी-कडधान्यं आणि पंधरा किलोचे सव्वातीन डबे तेल. शेतात राबणाऱ्याला धान्य याहून बरंच जास्त लागेल, हे उघड आहे. पण आकडे समोर मांडले की घराची तऱ्हा कळते. बहुतेक घरांत धान्याचा आकडा पुरा होतो किंवा ओलांडला जातो, तेलाचे डबे हिशेबाच्या पुढे धावतात आणि डाळ मात्र अर्ध्यावर येऊन थांबते. ‘तेल कमी करू’ असा रोजचा निग्रह करण्यापेक्षा वर्षाला डबे किती येतील हे ठरवणं सोपं असतं. मग फोडणीचा हात आपसूक आवरतो. आणि संकल्पाचा पहिला पैसा तेलाऐवजी, पिठाऐवजी डाळीवर घालावा. तिथे जानेवारी खरोखर कामाचा महिना आहे, कारण नवी तूर त्याच सुमाराला येते.

ज्वारी-बाजरीबद्दल थोडं सावध बोलायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यापासून त्यांना चमत्कारी अन्न म्हणून विकण्याची चढाओढ लागली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम बाजरीत लोह साधारण ६.४ मिलिग्रॅम, ज्वारीत ४ च्या आत, म्हणजे गव्हाच्या कणकेइतकंच. सडीक तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. मोठी उडी आहे ती हुलग्याची. लोह ८.८ च्या आसपास आणि प्रथिनं २२ टक्क्यांच्या घरात. गरिबाचं, घोड्याचं म्हणून ज्याला नावं ठेवली तो हुलगा शेंगोळ्यांच्या आणि माडग्याच्या रूपाने मराठवाड्यात टिकून राहिला, आणि माझ्या मते बीडच्या घराने नव्या वर्षाची एकच वस्तू निवडायची झाली तर ती हीच. अर्थात धान्यातलं लोह पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. फायटिक आम्ल ते बांधून ठेवतं, जेवणासोबतचा चहा त्यात भर घालतो. मोड आणणं, भिजवणं, आंबवणं यांनी हे आम्ल कमी होतं. आंबील आंबट होते तेव्हा पिठातलं विकर हेच काम करत असतं. शेंगोळ्यांवर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणानंतर तासभर पुढे ढकलायचा, एवढ्याला पैसाही लागत नाही आणि वेळही.

कोठीत धान्य ठेवायचं तर पीठ ठेवून चालत नाही, आणि इथे बाजरीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. बाजरीच्या दाण्यात पाच टक्क्यांच्या आसपास चरबी असते आणि ती बहुतेक अंकुराच्या भागात असते. दाणा अखंड असेपर्यंत ती सुरक्षित राहते. दळली की लायपेज नावाचं विकर तिच्यावर तुटून पडतं, चरबी फुटते आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडू पडायला लागतं. ज्वारीचं पीठ इतक्या लवकर कडवट होत नाही, पण जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना काठ तुटतात. म्हणून या धान्यांना दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने बसवणं कठीण, आणि घरात दाणा ठेवून आठवड्याचं दळण आणणं सोयीचं. दाणा मात्र नीट वाळलेला हवा. दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे. कडुलिंबाचा पाला, राख, डाळींना एरंडेलाचा हात या जुन्या रीती आहेतच, आणि हवाबंद तिहेरी पिशव्याही आता मिळतात, ज्यांत किडे प्राणवायूअभावी मरतात. राहत्या खोलीतल्या धान्यात सल्फासच्या गोळ्या मात्र टाकू नयेत. त्यांचा वायू माणसालाही मारतो, आणि अशा घटना घडलेल्या आहेत.

याला पहिला आक्षेप पैशाचा. सुगीला ज्याला देणं फेडण्यासाठी दाणा विकावा लागतो त्याने वर्षाचं धान्य भरावं, हा सल्ला शहरी खुर्चीतून सोपा वाटतो. आक्षेप खरा आहे, पण रेशनचा हिशेब घातला की त्याची धार कमी होते. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो गहू-तांदूळ मिळतो. वरच्या ९१ किलोंपैकी दोन-तृतीयांश तिथेच भागले. पाच माणसांच्या घराला भरायचा उरला तो दीड क्विंटल ज्वारी-बाजरीचा, आणि तोही दिवाळी-पाडवा असा दोन हप्त्यांत. राहिली डाळ, जी रेशनवर नियमाने मिळत नाही. तिथे दीड क्विंटलचं स्वप्न पाहू नये. पन्नास किलो तूर आणि पंचवीस किलो हुलगा इथून सुरुवात केली तरी घर गेल्या वर्षीपेक्षा पुढे जातं. बचत गटातल्या चार-पाच बायकांनी मिळून तुरीची पोती घेतली आणि जवळच्या डाळ मिलवर भरडून आणली तर भावातही फरक पडतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर. बेगमी म्हणजे बायकांच्या कंबरेवरचं ओझं होतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, शेवया, बाजरीच्या खारोड्या करताना पुरुष सावलीत बसत. ते परत आणायचं का? २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात असल्याचं आढळलं, पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटंसुद्धा असं काम करणाऱ्या पुरुषांची. करणारे होते जेमतेम २६ टक्के. हे आकडे समोर असताना ‘घरचंच खाऊ’ हा कुटुंबाचा संकल्प म्हणजे प्रत्यक्षात एकीवर लादलेली पाळी होय. कोठीचं उद्दिष्ट या बाबतीत ताटाच्या उद्दिष्टापेक्षा न्याय्य होऊ शकतं, कारण कोठीची कामं वाटून देता येतात. पोती आणणं, धान्य वाळवणं, निवडणं, आठवड्याचं दळण आणणं, शेंगदाणे भाजून कुटणं यांतलं एकही काम थापत्या हाताच्या कौशल्यावर अडत नाही. घरातल्या पुरुषाच्या आणि मोठ्या मुलाच्या नावावर ती लिहून टाकावीत. उन्हाळी वाळवणाच्या वीस प्रकारांचा हट्ट तर सोडूनच द्यावा. ती चैन आहे. एक येसर पुरे. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेलं हे पीठ उकळत्या पाण्यात कालवून लावलं की दहा मिनिटांत आमटी होते. बाजारातल्या झटपट पाकिटाला मराठवाड्याने फार आधी दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते बचत गटाकडून विकत घेतलं म्हणून संकल्प मोडला असं मुळीच नाही.

तिसरा आक्षेप आठवणींच्या गोडव्याला आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. भरलेल्या कोठीची गोष्ट सगळ्यांची नव्हती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण मांडलं, तेव्हा तेल-तुपाशिवायचा, उरल्यासुरल्यावर चालणारा स्वयंपाक अनेक वाचकांना पहिल्यांदा दिसला. तिथेही साठवण होती, मांस वाळवून केलेल्या चान्यांची. पण ती टंचाईतली होती. १९७२ च्या दुष्काळात तर जमीनदाराच्या कोठ्याही तळाला लागल्या आणि परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी रांगा लावून घेतला. तेव्हा ‘पूर्वी सगळं बरं होतं’ या वाटेने इथे जायचंच नाही. चान्यांचा समावेश मांसाच्या गटात होतो, शेंगोळ्यांचा कडधान्याच्या, आणि पोषणाच्या तक्त्याला कोणाच्या चुलीवर काय शिजलं याचा मान-अपमान कळत नाही.

संकल्प टिकत नाहीत, मग हा तरी कसा टिकेल, अशीही शंका येईल. २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. एक जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर मार्चचा पहिला आठवडा येतो, म्हणजे ऐन शाळूची सुगी. तोवर आठवड्याच्या बाजाराला दळण, दळणाच्या दिवशी शेंगोळे, एवढी एकच सवय बसली तरी पाडव्याला ज्वारी भरताना घरात तिचा उपयोग करणारी पद्धत तयार असते. सुरुवातीलाच पाच नेम धरणाऱ्याचं काय होतं ते सांगायला संशोधन लागत नाही.

आता राहिले ते, ज्यांना यातलं बरंच लागू पडत नाही. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी करते आणि अंधारातच फडावर जाते. एक जानेवारी त्यांच्या हंगामाच्या मध्यावर येते, तेव्हा कोपीत संकल्पाला जागाही नसते आणि कोठीही. शिवाय घराच्या दोन चुली झालेल्या असतात, एक फडावर आणि एक गावात म्हाताऱ्यांची, शाळकरी नातवंडांची. यांचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, उचल हातात येते तेव्हा. उचल हे कर्जच आहे, त्यातून लग्न, दवाखाना, जुनं देणं आधी भागतं. तरी निघण्यापूर्वी दोन्ही चुलींचं धान्य वेगळं काढणं हा एकच निर्णय पुढच्या पाच-सहा महिन्यांचं जेवण ठरवतो. नवी बाजरी तेव्हा स्वस्त असते म्हणून तीच दोन्हीकडे जाते. पण फडाजवळ गिरणी सापडेलच असं नाही, पीठ एकदम दळून न्यावं लागतं, आणि बाजरीचं पीठ पंधरवड्याच्या आत कडू होतं. तेव्हा सोबत न्यायला ज्वारीचं पीठ, येसर आणि जाड कुटलेली शेंगदाण्याची चटणी, आणि बाजरीचा दाणा मागे राहणाऱ्या आजीसाठी, जिच्या गल्लीत गिरणी आहे.